इंदूबाईंचा सुट्टा सर्फ

चौल ओलांडून रेवदंड्याकडे निघालं की मध्येच समुद्राच्या अंगाला एक अरुंद रस्ता फुटतो. तो ज्या गावात जाऊन थांबतो त्या गावाचं नाव खारपाखाडी, आणि गावात शिरताना पहिलं जे दिसतं ते इंदूबाई तांब्यांचं दुकान. पत्र्याखालची एक खोली, पुढे बाकडं, आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली तराजू. दुकानावर पाटी. ही सगळी गोष्ट त्या पाटीची आहे.

पाटी रंगवली होती सीताराम तांब्यांनी, म्हणजे इंदूबाईंच्या मालकांनी. कंपनीतली नोकरी सांभाळून माणूस सुट्टीच्या दिवशी शिडीवर चढला आणि तांबड्या रंगात त्यानं लिहिलं, 'इंदू स्टोअर्स. साबण, सर्फ, सोडा, सुतळी.' पण दोन शब्दांना त्यानं तांबडा लावला नाही. 'इंदू' आणि 'सर्फ' हे दोन शब्द त्यानं निळ्या रंगात काढले, आणि तो रंग साधा नव्हता, होडीचा होता. शेजारच्या सोनूबाई कोळणीच्या नवऱ्यानं होडी रंगवली, त्यातला उरलेला. सीताराम पाच वर्षांमागे गेले. खाऱ्या वाऱ्यानं तांबडे शब्द एकेक करून खाल्ले. आधी सुतळी गेली, मग सोडा, मग साबण आणि स्टोअर्स. होडीचा रंग मात्र समुद्राला पुरून उरणारा. त्यामुळे आज त्या पाटीवर दोनच शब्द उरलेत. 'इंदू' आणि 'सर्फ'.

खारपाखाडीत सर्फ म्हणजे धुण्याची पावडर. कंपनी कुठलीही असो, पुडीतली असो की पोत्यातली, तिचं नाव सर्फ. यात कुणाला कधी शंका आली नाही.

आता सिद्धेश. इंदूबाईंच्या धाकट्या दिराचा मुलगा. मधली दोन वर्षं तो गोव्याकडे कुठंतरी होता आणि परत आला तो टेंपोत लांबलचक, जाड स्पंजच्या फळ्या घालून. त्या फळीवर पालथं पडायचं, लाट आली की उभं राहायचं आणि किनाऱ्यापर्यंत यायचं, हे तो दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पर्यटकांना शिकवतो आणि त्याचे पैसे घेतो. गावाला आधी वाटलं पोरगं वाया गेलं. मग पैसे दिसले तेव्हा वाटलं, पोरगं हुशार आहे. पण गावात त्या प्रकाराला फळी म्हणतात. "सिद्धेश कुठाय गो?" "फळीवर हाय." संपलं. इंग्रजीत त्याला काय म्हणतात हे विचारायची गरज कुणाला पडली नव्हती. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की सिद्धेश पनवेलला एका मॉलमध्ये कामाला जातो, फळ्या काकूच्या माळ्यावर पडून राहतात.

तर यंदाच्या जून महिन्यापासून इंदूबाईंच्या दुकानात एक नवीनच गिऱ्हाईक येऊ लागलं. मोठ्या गाड्या, भिजलेली माणसं, हातात फोन. गाडी थांबवायची, पाटीकडे बघायचं, फोनकडे बघायचं, आणि उतरून विचारायचं,

"सर्फ आहे ना इथे?"

"हाय की. पुडी का सुट्टा?"

काही हसत. काही एकमेकांकडे बघत. एकानं विचारलं, "बोर्ड आहेत का?" इंदूबाईंनी वर बोट दाखवलं. "हा काय, येवढा मोठा हाय."

"तसा नाही. भाड्यानं देता का?"

"आमच्या मालकांनी हातानं रंगवलेला हाय. तो कसा देईन?"

तो गृहस्थ गाडीत बसून निघून गेला. इंदूबाईंना त्याचं वाईट वाटलं. दुसऱ्याची पाटी भाड्यानं मागणारा माणूस काय अडचणीत असेल!

एकंदरीत त्यांनी या प्रकाराचा अर्थ लावला होता, आणि तो तसा बरोबर होता. शहरातली माणसं पावसात सहलीला येतात, सुरूच्या बनात चिखलात बरबटतात, आणि सर्फ मागतात. "किती स्वच्छ माणसं बघ," त्या सोनूबाईला म्हणाल्या. "आंघोळीच्या आधी कपड्याचा इचार!" आणि जुलैत त्यांनी सर्फचं एक पोतं जास्तीचं मागवलं.

ऑगस्टातली ती जोडून आलेली सुट्टी. शनिवारी सकाळपासून पाऊस सरळ पडतच नव्हता, आडवा येत होता, जणू समुद्रच उभा राहून गावात शिरतोय. वीज गेलेली. अशा दिवशी समुद्रकाठी सुट्टीला आलेल्या माणसासारखं दीनवाणा प्राणी दुसरा नाही. समुद्र दिसणाऱ्या खोलीचे जादा पैसे भरावेत आणि खिडकीतून फक्त पाणी दिसावं, तेही वरून खाली येणारं. टॉवेल ओले, उशा ओल्या, माणसं सकाळपासून भजी खाऊन तुंबलेली. फोनला रेंज नाही. खारपाखाडीत पावसात रेंज येते ती एकाच ठिकाणी, इंदूबाईंच्या बाकड्यावर. का, ते देवालाही ठाऊक नाही आणि कंपनीलाही.

बाकड्यावर सोनूबाई बसली होती. मासेमारी बंद असली की ती तिथंच असते. एवढ्यात छत्री उलटी झालेलं एक जोडपं पत्र्याखाली आलं. तो विपुल, ती प्राप्ती, दोघं पुण्याचे. विपुलच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि चेहऱ्यावर त्याहून जास्त. हापिसात सगळ्यांना सांगून आला होता की सोमवारी येईन तो लाटेवर उभं राहिल्याचे फोटो घेऊन येईन. काल रात्रीपासून तो फक्त पलंगावर आडवा होता.

"मावशी, सर्फ?" त्यानं विचारलं.

इंदूबाईंनी पँटकडे पाहिलं आणि मान हलवली. "लागणारच. किती देऊ?"

"दोघांना."

"दोघांना पाव किलो बास. रातभर भिजत घाला, सकाळी उजळ होल."

विपुलनं बायकोकडे पाहिलं. "बघ! मी म्हणालो नव्हतो? अगदी तसंच बोलतेय."

"विपुल, जाऊ दे ना," प्राप्ती म्हणाली.

"का जाऊ दे? लोकांनी लिहिलंय तेच करतायत या. हे फ्रॉड आहे, सरळ फ्रॉड!"

इंदूबाईंच्या हातातलं माप तसंच राहिलं. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही, पण फ्रॉड हा शब्द टीव्हीवरच्या बातम्यांमुळे आता घरोघर मराठीच झाला आहे.

"कोण फ्रॉड?"

"हे दुकान!"

"दादा," इंदूबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज हळू झाला की सोनूबाई बाकड्यावर पाय वर घेऊन बसते. "हिथं बसा. आन परत बोला."

विपुल बसला. बाहेर पाऊस असा होता की उठून जाण्याचा रुबाब दाखवायची सोयच नव्हती. त्यानं फोन पुढे केला. नकाशा होता. रस्ता, समुद्र, सुरूचं बन आणि बरोबर इंदूबाईंच्या दुकानावर टोचलेली तांबडी टाचणी. तिच्यावर नाव, 'सर्फ स्कूल, खारपाखाडी'. फोटो इंदूबाईंच्या पाटीचा. खाली पाचपैकी एक चांदणी आणि दुसरीचा तुकडा.

"ही चांदणी कसली?"

"मार्क असतात ते मावशी," प्राप्ती म्हणाली. "लोक देतात. पाचपैकी."

"मला कुणी मार्क द्यायला सांगितले?"

"आणि लोकांनी लिहिलंयही," विपुल म्हणाला आणि वाचू लागला. "'सर्फ मागितला तर बाई वॉशिंग पावडर देते. टोटल फ्रॉड.' हे एक. 'बोर्ड मागितला तर दुकानाची पाटी दाखवली. पर्यटकांची चेष्टा बंद करा.' 'चालवणारी बाई उद्धट नाही, पण वेडी असावी.' 'सर्फिंगच्या नावाखाली पावडर खपवण्याचा धंदा.'"

"अगो बाय!" सोनूबाई इतकी हसली की तिचा पदर तिलाच तोंडात कोंबावा लागला. "इंदू, तुला पार वेडी केली त्यांनी!"

मग प्राप्तीनं समजावून सांगितलं. लाटेवर उभं राहायचं त्या खेळाला सर्फ म्हणतात. त्या फळीला बोर्ड म्हणतात. ऐकता ऐकता इंदूबाईंना जूनपासूनचं एकेक गिऱ्हाईक आठवत गेलं. पुडीबरोबर त्यांचा फोटो काढून नेणारी ती पोरं. हसत हसत गेलेल्या त्या मुली. दुकानाकडे बघून डोकं हलवणारा तो म्हातारा. त्या प्रत्येकाला त्यांनी तराजूचा काटा मध्ये आणून, वर चिमूटभर जास्त घालून सर्फ दिला होता. आणि ती माणसं घरी जाऊन लिहीत होती, फ्रॉड.

"मी फ्रॉड?" इंदूबाई उठल्या. "मी? सर्फमध्ये?"

दुसऱ्या कुठल्या मालात कुणी नाव ठेवलं असतं, तर त्या एवढ्या पेटल्या नसत्या. गुळात खडा निघाला म्हणा, पोह्यात कोंडा म्हणा, ऐकून घेतलं असतं. पण सर्फ!

"ताई, तुमाला सांगते," त्या प्राप्तीकडे वळल्या. विपुलला त्यांनी तूर्त जमेतच धरलं नव्हतं. "मी दुकान टाकलं तवा तांदूळ ठेवला, गूळ ठेवला, पोहे ठेवले, च्या ठेवली. चांगला माल, पेणच्या बाजारचा. वरल्या आळीतली माणसं यायची. समोरनं हसायची. 'इंदूबाय, दुकान झाक केलंस.' आन घ्यायची काय? साबण. सर्फ. सोडा. सुतळी. गूळ घ्यायला चौलला जायची, चालत. कळलं का काय म्हंते ते?"

प्राप्तीला कळलं. विपुलला कळायला जरा वेळ लागला, मग त्यानंही मान खाली घातली.

"आमच्या हातचं तोंडात जायला नको. कपड्याला चालतंय! कपडा काय, पाण्यात खंगाळला की मोकळा. तोंडावर कुणी काय बोलत न्हवतं. तसली बोलायची सोय गेली ना आता. पर माझ्या गुळाला मुंग्या लागल्या, तांदळात पोरकिडे झाले, आन सर्फचं पोतं आठवड्याला संपायचं. मी रडले. हे म्हणाले, रडतेस काय? त्यांना आपल्याकडनं सर्फच न्यायचा हाय ना? मग असा सर्फ ठेव, का पार मांडव्यापर्यंत कुणाचा नसंल. आन त्यो शब्द त्यांनी होडीच्या रंगात काढला. म्हणाले, ज्याच्यावर घर चालतंय त्याला साधा रंग कशाला."

"रंग आमचा होता," सोनूबाई म्हणाली. इंदूबाईंच्या एवढ्या रागातही ही नोंद करून ठेवणं तिला जरुरीचं वाटलं.

"व्हय, यांचाच. मग पोरं शिकली, सुना आल्या, त्याच वरल्या आळीतल्या सुना आता पोहे नेतात, गूळ नेतात, उधार मागायला लाजत न्हायत. पर ते सगळं त्या सर्फावर उभं ऱ्हायलंय. आन त्याच्यावर तुमी फ्रॉड लिवता? त्यापेक्षा गुळावर लिवा!"

विपुल म्हणाला, "मावशी, मी नाही लिहिलेलं. मी फक्त वाचलं."

"मोठ्यानं वाचलंत ना?"

विपुलनं फोन मांडीवर पालथा ठेवला. पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"आन ही टाचणी मारली कुणी माझ्या घरावर?"

हा प्रश्न इंदूबाईंनी विचारला आणि त्याचं उत्तर त्यांना विचारता विचारताच सापडलं. त्यांनी फोन काढला आणि सिद्धेशला लावला. रेंज होतीच.

"काकी! बोल ना, काय झालं? ड्युटीवर आहे मी."

"फळ्या माळ्यावरनं काढून चुलीत घालू का?"

"अरे काकी, काय झालं काय?"

"नकाशावर माझं दुकान तू टोचलंस?"

पलीकडे मॉलमधली गाणी लांब गेली, सिद्धेश कोपऱ्यात सरकला असावा. "अगं, मे महिन्यात निघताना नाव टाकलं, तर तो नकाशा ॲड्रेस मागतो ना. किनाऱ्यावर काय ॲड्रेस देणार? सुरूचं तिसरं झाड? आणि तुझ्या पाटीवर आयतंच सर्फ लिहिलेलं. मला वाटलं, भारी दिसेल."

"आन समुद्र बंद हाय ते टाचणीला सांगितलंस?"

"ते... राहिलं काकी."

"ऱ्हायलं! तुझं ऱ्हायलं, आन इथं लोक मला वेडी म्हंतायत! उद्धट न्हाय, पर वेडी! एक चांदणी दिलीय मला. दुसरी अर्धी. ती बी कुरतडलेली!"

"काकी, शांत हो. मी सगळं सेट करतो. मी येतो ना, तर ती जुनी पाटीच काढून टाकू. मस्त फ्लेक्स बनवू. 'इंदू सुपर मार्केट'. तुझा फोटो टाकू. सर्फचा विषयच नको."

सोनूबाईनं डोळे मिटून घेतले. होडीवरच्या माणसाला मोठी लाट आधी कळते.

"पाटी काढणार?" इंदूबाई म्हणाल्या. "तुझ्या काकाचं अक्षर काढणार? चूक तू करायची, आन नाव माझं पुसायचं? लोकांनी आधी माझा गूळ नको म्हटला, आता तू माझा सर्फ नको म्हण! मग मी इकू काय? सुतळी?"

"सॉरी काकी."

"सॉरी मला न्हाय. त्यांना लिव. ज्यानी ज्यानी लिवलंय, त्याच्या खाली लिव. आत्ता. मी सांगते तसं."

"आत्ता? काकी, ब्रेक नाहीये मला."

"मग चूल पेटवते."

सिद्धेशनं कुठूनतरी ब्रेक मिळवला. आणि मग त्या आडव्या पावसात, विजेवाचून अंधारलेल्या दुकानात, इंदूबाई तराजूपाशी उभ्या राहून उत्तरं सांगू लागल्या. विपुल एकेक वाचायचा, त्या ऐकायच्या, सिद्धेश पनवेलला लिहायचा.

"'सर्फ मागितला तर पावडर देते.' लिव. तुमी सर्फ मागितला, मी सर्फ दिला. वजनात कमी भरला असंल तर घेऊन या, समोर मोजू. फळी पायजे होती तर फळी म्हणायचं. इंदूबाई सीताराम तांबे."

"काकी, नाव पूर्ण?"

"पूर्ण. ज्याचा माल चोख त्याला नाव लपवायचं काम न्हाय."

"'पर्यटकांची चेष्टा बंद करा.' या लोकांना काय म्हणायचं?" विपुलनं विचारलं. तो आता पूर्णपणे इंदूबाईंच्या बाजूचा झाला होता. कालपासून करायला काही मिळालं नव्हतं, त्यामुळे माणूस मन लावून काम करत होता.

"लिव. चेष्टा केली न्हाय. तुमी आमच्या मालकांनी रंगवलेली पाटी भाड्यानं मागितली, तरी मी हसले न्हाय. त्यो मोठेपणा माझा."

प्राप्तीला हसू आवरेना. सोनूबाई म्हणाली, "त्या वेडी म्हणणाऱ्याला काय लिवशील गो?"

इंदूबाईंनी जरा विचार केला. "त्याला काय लिवू नको. त्यानं उद्धट न्हाय म्हटलंय ना. ऱ्हाऊ दे."

काम संपलं तेव्हा पाऊस तसाच होता, पण इंदूबाईंचा श्वास जागेवर आला होता. त्यांनी पंपाच्या स्टोव्हवर चहा ठेवला. दोघांनी तो घेतला, आणि इंदूबाईंनी त्यांच्या ओठांना कप लागेपर्यंत लक्ष ठेवलं. ही त्यांची जुनी सवय. आता तिची गरज नाही, पण डोळे आपोआप जातात.

निघताना विपुल म्हणाला, "मावशी, मी तुम्हाला पाच चांदण्या देतो. आत्ताच देऊन टाकतो."

"कशाबद्दल?"

"म्हणजे... असंच. छान वाटलं."

"असंच न्हाय चालत!" इंदूबाईंचा पारा पुन्हा चढला. "त्यांनी असंच एक दिली, तुमी असंच पाच देणार. मग तुमच्यात आन त्यांच्यात फरक काय? सर्फ घेतला का? न्हाय. कपडा धुतला का? न्हाय. पँट धुवा, वाळवा, वाळली तर, आन मग काय ते लिवा."

विपुलनं पाव किलो सुट्टा सर्फ घेतला. इंदूबाईंनी काटा मध्ये आणला, वर चिमूट टाकली, कागदात बांधून सुतळी मारली. ते जोडपं उलट्या छत्रीखाली पावसात दिसेनासं झालं, आणि सोनूबाई म्हणाली, "इंदू, पाच मिळत होत्या गो. एक मला दिली असतीस." इंदूबाईंनी सर्फच्या पोत्याचं तोंड बांधलं.

पाऊस गेल्यावर सिद्धेश आला. टाचणी त्यानं आधीच उचलून किनाऱ्यावर नेऊन टोचली होती. येताना होडीच्या निळ्या रंगाचा डबा घेऊन आला, सोनूबाईच्या घरचाच, आणि न सांगता शिडीवर चढला. पुसट झालेले शब्द त्यानं काकाच्या जुन्या रेघांवरून एकेक वर काढले. स्टोअर्स. साबण. सोडा. सुतळी. मग इंदूबाईंनी खालून सांगितलं, "आता मोकळ्या जागेत तांदूळ, गूळ, पोहे, च्या. साबणाच्या आधी. आन मोठं."

ते झालं. सिद्धेश मागं सरून बघू लागला, आणि त्याला एक सुचलं. "काकी, या सर्फच्या पुढे ना, कंसात छोटं टाकतो, 'धुण्याचा'. म्हणजे कुणाचा गोंधळ नको."

इंदूबाईंनी शिडी धरली होती. ती त्यांनी अशी हलवली की रंगाचा एक थेंब सिद्धेशच्या नाकावर पडला.

"माझ्या सर्फला कंस? आधी कोण आला हिथं, मी का तुझी फळी? ज्यो मागनं आला त्यानं कंस लावावा. खाली उतर!"

यंदा दिवाळीनंतर खारपाखाडीला गेलात, तर किनाऱ्यावर सुरूच्या तिसऱ्या झाडाला सिद्धेशची नवीन पाटी दिसेल. तिच्यावर अक्षर सुबक आहे, रंग होडीचा आहे, आणि लिहिलं आहे, 'सर्फ (फळीवरचा)'.